आयकार्डावरचं माकड

गळ्यातलं ऑफिसचं आयकार्ड जरा उलटं करून बघा. मागे इमर्जन्सी नंबरच्या आसपास ब्लड ग्रुप छापलेला असेल. माझा बी पॉझिटिव्ह. (त्यावरून टीममध्ये जो एकच विनोद होतो तो मी गेली सात वर्षं ऐकतोय, तुम्ही तरी करू नका.) यातला 'बी' माणसांचा. 'पॉझिटिव्ह' मात्र एका माकडाच्या नावावर आहे. १९४० मध्ये न्यूयॉर्कला कार्ल लँडस्टायनर आणि अलेक्झांडर वीनर यांनी रीसस जातीच्या माकडाचं रक्त सशांना टोचलं. त्या रक्ताविरुद्ध सशांच्या अंगात जे तयार झालं ते माणसांच्या रक्तात मिसळून बघितलं, तर बहुतेकांच्या रक्ताच्या गुठळ्या झाल्या. ज्यांच्या झाल्या ते रीसस पॉझिटिव्ह, म्हणजेच आरएच पॉझिटिव्ह. आणि त्या काळात अमेरिकेतल्या प्रयोगशाळांना रीसस माकडं पुरवणारा मुख्य देश कोणता? आपलाच.

तर मंडळी, या वीकेंडचा विषय हीच माकडं. त्यातही जी पिंजऱ्यातून सुटली ती. सिनेमात असं माकड पळालं की पुढे एकतर बदला घेतं किंवा सूर्यास्ताच्या दिशेने जंगलात निघून जातं. खरोखर पळालेल्यांचं पुढे काय झालं, हे मी गेले दोन-तीन महिने रात्री जेवणानंतर वाचत बसलो होतो.

मला यात रस का, तर आमचं गाव पेण आणि रोह्याच्या मधे आहे. दिवा-रोहा गाडीने उतरून पुढे विक्रम. तिथे माकडं हा जिव्हाळ्याचा विषय नसून भांडणाचा विषय आहे. आमच्याकडे दोन प्रकार. काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं ते वानर. फणसाडच्या बाजूला भरपूर. आणि दुसरं लालसर तोंडाचं, डोक्यावर मधोमध भांग पाडून केस चापून बसवल्यासारखं दिसणारं, ते माकड. हे दुसरं म्हणजे रीससचं दक्षिणेतलं चुलत भावंड. ढोबळमानाने तापी-गोदावरीच्या उत्तरेला रीसस आणि दक्षिणेला हे भांगवालं. म्हणजे जहाजात भरून गेलेली बहुतेक माकडं आमची नव्हती, उत्तर प्रदेशाकडची होती. (भांगवाली अजिबातच गेली नाहीत असं नाही. तीही अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत होती, पण रीससच्या मानाने किरकोळ.)

रीससच का? कारण ते चिवट. काहीही खातं, कुठेही राहतं, देवळाच्या शिखरावर, रेल्वे स्टेशनात, बाजारात. माणसाजवळ राहत असल्यामुळे पकडायला सोपं, पिंजऱ्यात लवकर मरत नाही, आणि त्याचं शरीर आपल्या शरीराच्या बरंच जवळ. हा 'चिवट' शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९३८ साली क्लॅरेन्स कार्पेंटर नावाचा एक अमेरिकन संशोधक इथे आला. युरोपात युद्धाचे ढग जमत होते, आणि युद्ध झालं तर हिंदुस्थानातून येणारा माकडांचा पुरवठा तुटेल ही तिकडच्या लोकांना काळजी. आपल्या भाषेत सांगायचं तर त्यांना ऑफसाइट बॅकअप हवा होता. कार्पेंटरने शेकडो माकडं गोळा केली, कलकत्त्याहून जहाजात चढवली आणि अर्धी पृथ्वी ओलांडून कॅरिबियन समुद्रात पोर्तो रिकोला नेली. तिथल्या किनाऱ्याजवळ कायो सांतियागो नावाचं पंधरा हेक्टरचं छोटं बेट आहे. त्यावर ४०९ माकडं मोकळी सोडली. पिंजरे नाहीत, भोवती समुद्र हेच कुंपण.

मग युद्ध खरंच आलं आणि पैसे आटले. माकडांना पुरेसं खायला मिळेना. काही मेली, बरीचशी संशोधनासाठी नेली गेली, आणि काहींनी सरळ पाण्यात उड्या मारून पलीकडचा किनारा गाठला. रीससला उत्तम पोहता येतं हे त्या बेटाच्या प्लॅनिंगमध्ये कुणीतरी धरायला हवं होतं. तरीही वसाहत टिकली. आज तिथे हजाराहून जास्त माकडं आहेत आणि ती सगळी त्या एका जहाजातल्या उतारूंची नातवंडं-पतवंडं. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये मारिया नावाच्या चक्रीवादळाने त्या बेटावरची बहुतेक झाडी झोपवली. माकडं मात्र बहुतांशी वाचली. नंतर संशोधकांना दिसलं की सावली कमी उरल्यावर ती एकमेकांना जवळ बसू द्यायला लागली. एरवी रीसस म्हणजे भांडकुदळ जात.

पण माकडांचा खरा उपसा झाला तो युद्धानंतर, पोलिओमुळे. साल्कची लस १९५५ मध्ये आली. त्या लसीचा विषाणू वाढवायला रीससच्या मूत्रपिंडाच्या पेशी लागायच्या. पन्नासच्या दशकात दर वर्षी लाखाच्या वर माकडं भारतातून बाहेर गेली. चार्ल्स साउथविक हा अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ आणि अलिगड मुस्लिम विद्यापीठातले त्याचे सहकारी यांनी १९५९-६० मध्ये उत्तर प्रदेशात माकडं मोजली, तेव्हा कळपांमध्ये लहान वयाची माकडं फारच कमी दिसली. मोठी आहेत, अंगावर पिणारी आहेत, मधलीच गायब. कारण पकडणाऱ्यांना नेमकी तीच वयाची हवी असत.

इथे एक गोष्ट सरळ सांगून टाकतो. पोलिओ लसीसाठी माकडं वापरली याबद्दल मला आज कुणावर दगड मारता येणार नाही. आमच्या आधीच्या पिढीत गावात पोलिओने पाय गेलेली माणसं होती. माझ्या वयाचं एकही नाही. पण वापरणं वेगळं आणि ज्या पद्धतीने नेलं ते वेगळं. १९५५ च्या जानेवारीत लंडनच्या विमानतळावर भारतातून आलेली ३९४ माकडं एका बंद गाडीत गुदमरून मेली. रात्रभर तशीच ठेवली होती. भारतात ओरड झाली, सरकारने निर्यात थांबवली. मग अमेरिकेशी बोलणी होऊन ती पुन्हा सुरू झाली, पण अटीवर. माकडं फक्त वैद्यकीय कामासाठी. अणुस्फोट, अंतराळ असल्या भानगडींसाठी नाहीत.

अट कागदावर नीट पाळली गेल्याचं एक मजेदार उदाहरण आहे. १९५९ च्या मे महिन्यात अमेरिकेने एबल आणि बेकर या दोन माकडिणींना रॉकेटमधून वर पाठवून जिवंत परत आणलं. यातली एबल रीसस. आधी तयारी झाली होती ती भारतात जन्मलेल्या माकडाची. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की भारतात माकडाला देव मानतात, उगाच राजनैतिक लफडं नको, आणि ऐनवेळी अमेरिकेत जन्मलेली एबल बसवली. याला आम्ही वर्कअराउंड म्हणतो. एबल परतल्यावर काही दिवसांतच अंगातला इलेक्ट्रोड काढताना भूल देताना मेली.

१९७७ मध्ये मात्र अट मोडल्याचं बाहेर आलं. मेरीलँडमधल्या अमेरिकी लष्कराच्या संशोधन संस्थेत रीसस माकडांवर न्यूट्रॉन किरणांचा मारा करत होते. न्यूट्रॉन बॉम्ब पडल्यावर सैनिक किती वेळ काम करू शकेल हे बघायला. माकडांना आधी विजेचे झटके देऊन चाकात पळायला शिकवायचं, मग किरण सोडायचे, मग पुन्हा पळवायचं. ओकत, पडत, उठत, मरेपर्यंत. शर्ली मॅकग्रील नावाच्या बाईंच्या संस्थेने ही माहिती मिळवून भारत सरकारपुढे ठेवली. पंतप्रधान होते मोरारजी देसाई. मराठी माणूस मोरारजींचं नाव सहसा प्रेमाने घेत नाही आणि त्याला १०५ कारणं आहेत. पण या एका बाबतीत त्यांनी जे केलं त्याला मी मान देतो. डिसेंबर १९७७ मध्ये बंदी जाहीर झाली आणि १ एप्रिल १९७८ पासून भारतातून एकही माकड कायदेशीरपणे प्रयोगासाठी बाहेर गेलं नाही. अमेरिकन शास्त्रज्ञांनी तेव्हा बरीच आदळआपट केली.

बंदी आली, पण आधी गेलेली तिथेच राहिली. त्यातली सुटलेली कुठे पोचली ते आता बघू.

पोर्तो रिकोच्याच पश्चिमेला देसेचेओ नावाचं निर्मनुष्य बेट आहे. कोरडं, खडकाळ, बारमाही पाणी नाही. १९६६ मध्ये कायो सांतियागोची पन्नास-साठ माकडं तिथे मुद्दाम सोडली. प्रयोग हाच, की इतक्या वाईट जागी ती कशी जमवून घेतात. त्यांनी छान जमवून घेतलं. निवडुंग चावून पाणी मिळवलं, आणि बेटावर घरटी करणाऱ्या समुद्रपक्ष्यांची अंडी खाल्ली. बूबी नावाचे पक्षी तिथे हजारोंनी असत, ते संपले. मग अमेरिकन सरकारला पक्षी परत हवेसे वाटले आणि माकडांच्या मागे बंदूकधारी माणसं लागली. अनेक वर्षं. २०१७ मध्ये बेट माकडमुक्त झाल्याचं जाहीर केलं. म्हणजे न्या, सोडा, जगता का बघा, जगलात म्हणून मारा. पन्नास वर्षांचं चक्र.

नैऋत्य किनाऱ्यावर ला पार्गेराजवळच्या दोन छोट्या बेटांवर साठच्या दशकात माकडांची आणखी एक वसाहत केली होती. तिथूनही माकडं पोहून मुख्य जमिनीवर गेली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वसाहत बंद झाली, पण पळालेल्यांचे कळप लाहासच्या खोऱ्यात शेतांच्या कडेने वाढत गेले. शेतकऱ्यांनी अननस, खरबुजं, भोपळे लावणं सोडून दिलं आणि गवत लावायला सुरुवात केली. गवताला भाव कमी, पण माकड खात नाही. सरकारी अहवालात हे नुकसान डॉलरमध्ये मोजलेलं आहे, वर्षाला दहा लाखांच्या वर. पुढे तिथेही सापळे आणि बंदुका आल्या.

हे वाचताना मी चक्क हसलो, कारण हेच वाक्य मी आमच्या काकांच्या तोंडून ऐकलेलं. आमच्याकडे भात कापून झालं की शेतात राहिलेल्या ओलीवर वाल टाकतात. थंडीत शेंगा भरल्या की भांबुर्ड्याचा पाला घालून मडक्यात पोपटी लावायची. पेण-रोह्याकडच्या माणसाला पोपटीबद्दल समजावून सांगायची गरज नाही, आणि बाकीच्यांनी एकदा जानेवारीत येऊन खावी. काकांनी पाच वर्षं झाली वाल टाकलेला नाही. मागच्या हिवाळ्यात पोपटीला शेंगा पेणच्या बाजारातून विकत आणल्या.

"काका, जमीन पडीक ठेवण्यापेक्षा काहीतरी लावा ना. माकड खात नाही असं काही?"

"माकड खात नाही असं तू मला शोधून दे. तुझ्या कॉम्प्युटरवर बघ."

बघितलं. लाहासचे शेतकरी गवतावर येऊन थांबले. काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, गवत तर आपोआपच उगवलंय.

फ्लोरिडाचा किस्सा याच्या उलटा. तिथे सिल्व्हर स्प्रिंग्ज नावाच्या जागी १९३० च्या दशकात टूई नावाच्या बोटवाल्याने पर्यटक खूश व्हावेत म्हणून नदीतल्या बेटावर रीसस माकडं आणून ठेवली. ती अर्थातच पोहून पळाली आणि तिथल्या जंगलात शेकडोंनी वाढली. म्हणजे ही प्रयोगशाळेतून सुटलेली नव्हतीच. पण १९८४ ते २०१२ या काळात सापळे लावणाऱ्यांनी त्यातली हजारभर माकडं पकडली आणि त्यातली बरीच गेली प्रयोगशाळांना. लोकांनी आरडाओरडा केल्यावर ते थांबलं. भारताने दार बंद केल्यावर अमेरिकेला घरच्या जंगलातच रीसस सापडावं, याला काय म्हणायचं?

अगदी अलीकडचं उदाहरण नोव्हेंबर २०२४ चं, ते तुम्ही फोनवर वाचलं असेल. साउथ कॅरोलिनातल्या येमासी गावात प्रयोगशाळांसाठी माकडं वाढवणारी अल्फा जेनेसिस ही कंपनी आहे. तिथे एका कर्मचाऱ्याकडून दारं नीट लागली नाहीत आणि ४३ तरुण माकडिणी बाहेर पडल्या. बहुतेक कुंपणाच्या आसपासच घुटमळल्या आणि पहिल्या काही दिवसांत पकडल्या गेल्या. पण शेवटच्या चार जानेवारी २०२५ पर्यंत बाहेर होत्या. त्या महिन्यात तिथे क्वचित पडणारा बर्फही पडला. पिंजऱ्यात वाढलेल्या चार पोरी अडीच महिने, बर्फासकट, स्वतःच्या जिवावर जगल्या. शेवटी पकडल्या त्या पीनट बटर आणि जॅम लावलेल्या सँडविचने. ऑक्टोबर २०२५ मध्ये मिसिसिपीत माकडं नेणारा ट्रक उलटला तेव्हा निभाव लागला नाही. सुटलेल्यांपैकी बऱ्याच मारल्या गेल्या. त्यातलं एक माकड घराजवळ दिसल्यावर मुलांच्या काळजीने एका आईनेच गोळी घातली.

तेव्हा बाहेर जगता येतं का, या प्रश्नाचं उत्तर अगदी स्पष्ट 'हो' आहे. कॅरिबियन वादळ असो, निवडुंगाचं बेट असो की अमेरिकेतला बर्फ, रीसस जगतं. ज्या चिवटपणामुळे ते प्रयोगशाळेला आवडलं त्याच चिवटपणामुळे ते बाहेर टिकतं आणि त्याच चिवटपणामुळे शेजाऱ्यांना नकोसं होतं. अडचण बाहेर जगण्याची नाहीच. 'बाहेर' म्हणावी अशी जागा शिल्लक नाही, ही आहे. जिथे जाईल तिथे कुणाचं तरी अंडं, कुणाचा तरी अननस, कुणाचा तरी वाल.

आपल्याकडेही वेगळं काही नाही. बंदीनंतर उत्तरेत रीसस पुन्हा वाढलं, आणि २०१६ मध्ये सिमल्यात ते उपद्रवी प्राणी म्हणून जाहीर झालं. वन्यजीव कायद्यात बदल होऊन रीससचं नाव संरक्षित प्राण्यांच्या यादीतून निघालं, तो बदल लागू झाला १ एप्रिल २०२३ ला. निर्यातबंदीचीही तारीख एक एप्रिलच होती. आणि महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये माकडं पकडण्याचे दर ठरवले. पहिल्या दहा माकडांपर्यंत प्रत्येकी ६०० रुपये, पुढे ३००. पकडून वस्तीपासून किमान दहा किलोमीटर लांब जंगलात सोडायची. रायगडच्या नकाशावर मी पेणपासून रोह्यापर्यंत माउस फिरवला. वस्तीपासून दहा किलोमीटर लांबचा एक तरी ठिपका काढून दाखवा! काकांचं म्हणणं, आमची ते नागोठण्याला सोडतील आणि नागोठण्याची आमच्याकडे.

शेवटी एक आपल्या राज्यातली गोष्ट, जी मला या सगळ्या वाचनात सर्वात जास्त अडकवून गेली. २०२० च्या उन्हाळ्यात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला, म्हणजे एनआयव्हीला, कोव्हॅक्सिनच्या चाचणीसाठी वीस रीसस माकडं हवी होती. चाचणीजोगी माकडं तयार मिळेनात, तेव्हा रानातली पकडायचं ठरलं. आयसीएमआरचे तेव्हाचे प्रमुख डॉ. बलराम भार्गव यांनी आपल्या पुस्तकात हे लिहून ठेवलंय. महाराष्ट्राच्या वनखात्याची माणसं शोधायला निघाली, तर माकडं नेहमीच्या जागी नव्हती. लॉकडाउनमुळे रस्त्यावर माणूस नाही, केळी-चणे टाकणारा कुणी नाही, म्हणून ती आपली आपण दाट जंगलात निघून गेली होती. पिढ्यान् पिढ्या माणसांच्या जवळ राहिलेली माकडं दोन-तीन महिन्यांत जंगलात परत जगायला लागली. कित्येक दिवस शोध चालला, आणि अखेर नागपूरच्या बाजूला ती सापडली.

वीस माकडं पुण्याला आली. पाच-पाचचे चार गट केले. तीन गटांना वेगवेगळ्या पद्धतीने बनवलेली लस दिली आणि नंतर सगळ्यांच्या नाकात आणि श्वासनलिकेत विषाणू सोडला. फुफ्फुसांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. लस दिलेल्या गटांमध्ये न्यूमोनिया नव्हता. निकाल २०२१ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये छापून आले, आणि त्याच वर्षी काकांनी रोह्यात रांगेत उभं राहून कोव्हॅक्सिनचे दोन्ही डोस घेतले.

चौथ्या गटातल्या पाच माकडांना लस दिलेली नव्हती. त्यांना फक्त विषाणू दिला होता, बाकीच्यांशी तुलना करायला.